पाणचक्कीला पाणी किती?

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. वस्तू हाती घेण्याआधी तो तिचे नाव उलटेपालटे करून पाहतो. गेले तीन महिने आमच्या घरात 'गेमिंग लॅपटॉप' आणि 'ग्राफिक्स कार्ड' हे दोन शब्द सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कानांवर पडत होते. पैकी पहिल्या शब्दातले 'गेमिंग' आमच्या आईला खुपले आणि दुसऱ्यातले 'कार्ड' मला. आईच्या हरकतीकडे मागाहून येतो. ती वजनदार आहे. आधी माझी.

कार्ड म्हणजे काय? पोस्टाचे कार्ड, रेशनचे कार्ड, लग्नाच्या आमंत्रणाचे कार्ड. कार्ड हातात धरता येते, दुसऱ्याला देता येते, हरवले तर नवे काढता येते. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड खरोखरच असे असते. चांगले विटेएवढे, पंखे लावलेले. ते खाचेत बसवायचे, चार वर्षांनी जुने झाले की उपसून काढायचे आणि त्या जागी नवे बसवायचे. त्याला कार्ड म्हणण्यात भाषेवर काही अन्याय होत नाही.

लॅपटॉपमध्ये मात्र असे कार्ड नसतेच. जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांत ती मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसवलेली चिप असते. ती निघत नाही, बदलत नाही. नाव तेवढे मागचे चिकटून राहिले आहे. शब्द पुढे जातात आणि वस्तू मागे राहते, किंवा वस्तू पुढे जाते आणि शब्द मागे राहतो, हे आम्ही वर्गात शिकवतोच. पण लाख रुपयांच्या खरेदीत ते असे आडवे येईल असे वाटले नव्हते. लॅपटॉपची मेमरी पुष्कळदा वाढवता येते, डिस्क बदलता येते, बॅटरी नवी घालता येते. पण हे तथाकथित कार्ड म्हणजे अंगावरचा दागिना नव्हे, गोंदण आहे. 'आत्ता साधे घेऊ, पुढे पाहू' हा आपल्या मध्यमवर्गाचा आवडता बेत येथे चालत नाही. ज्या दिवशी लॅपटॉप घेतला त्याच दिवशी कार्डाचा निर्णय कायमचा झाला.

आता आईची हरकत.

आमच्या कन्येला यंदा पुण्याला ॲनिमेशन आणि गेम डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. गेम खेळण्याचा नव्हे, करण्याचा अभ्यासक्रम. त्यासाठी तिला चांगले ग्राफिक्स असलेला लॅपटॉप हवा होता, आणि बाजारात अशा लॅपटॉपाला 'गेमिंग लॅपटॉप' म्हणतात. तिच्या आजीने पाच वर्षांपूर्वी पोस्टात तिच्या शिक्षणासाठी आवर्तक ठेव सुरू केली होती. महिना पंधराशे रुपये, आपल्या पेन्शनीतून; एकही महिना चुकला नाही. व्याज धरून एक लाख चार हजार आणि वर काही रुपये हाती आले. हे पैसे कशाला लागणार असे आईने विचारले तेव्हा कन्या निष्पापपणे म्हणाली, "आजी, गेमिंग लॅपटॉपला."

आईने चष्मा काढून ठेवला. आमच्याकडे ही गोष्ट चांगली मानली जात नाही.

"खेळायला लाख रुपये?" ती म्हणाली. "आणि गेमिंगवर तर सरकारनेच बंदी घातली ना?"

आई टीव्हीवरच्या बातम्या मन लावून पाहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो तिच्या ध्यानात होता. त्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. साध्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सना उलट उत्तेजनच दिले. जुगाराचा अड्डा बंद केला म्हणून बुद्धिबळाचा पट जप्त होत नाही, असे मी समजावले. पण आईचा मुद्दा कायद्याचा नव्हताच. तिने बचत केली होती ती 'शिक्षण' या शब्दासाठी, आणि तिच्यासमोर आला 'खेळ' हा शब्द. शब्दांची खोड मला कोठून लागली हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

कन्येने वाद घातला नाही. तिने शेजारच्या मुलाच्या संगणकावर आजीला 'राजी' दाखवली. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला हा खेळ २०२० साली जगभर प्रसिद्ध झाला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळांत तरबेज मुलगी. तिच्या धाकट्या भावाला राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा तिच्या पाठीशी आहे. कथेचा भाग छायाबाहुल्यांनी सांगितला आहे, वाडे आणि महाल जुन्या राजस्थानी धर्तीचे, भिंतींवर हाताने काढल्यासारखी चित्रे. आईने ते अर्धा तास पाहिले. मध्ये एकदा "अगं, मागे बघ, मागे!" असे ओरडलीही.

मग तिने विचारले, "हे पुण्यात बसून केलंय?"

"हो आजी."

"आणि हे करायला ते यंत्र लागतं?"

"हो."

"मग त्याला गेमिंग का म्हणतात? कारखाना म्हणा." आणि चष्मा डोळ्यांवर चढला. मात्र अट घातली : ठेवीच्या वर एक रुपया खर्च होता कामा नये, आणि यंत्र अभ्यासक्रमाची चारही वर्षे चालले पाहिजे. माझ्या मते ग्राफिक्स कार्डाच्या निवडीवर याहून शहाणपणाची सूचना कोणा तज्ज्ञाने केलेली नाही.

या कारखान्यात चालते तरी काय? साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळात चित्र सेकंदाला साठदा बदलते असे धरले तरी दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. गेमिंगचे पडदे सेकंदाला १४४ वेळा बदलणारे असतात. तेथे हाच आकडा ३० कोटींच्या घरात जातो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा शास्त्रीबुवांसारखा आहे. कितीही अवघड कोडे घाला, सोडवील. पण कोट्यवधी सोप्या बेरजा एकाच वेळी त्याच्यापुढे टाकल्या तर बुवा गांगरतात. त्याला हवी बिगारीतली पोरे, हजारोंनी, प्रत्येकाच्या हाती पाटी. ग्राफिक्स चिप म्हणजे ती शाळा. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० या चिपमध्ये अशी ३०७२ पोरे आहेत. हीच शाळा छायाप्रकाशाचे हिशेबही करते. ब्लेंडरसारख्या, फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात दिव्याच्या उजेडातली एक समई हुबेहूब उभी करायची तर तीच मदतीला येते. ज्यांना पत्रे लिहायची, हिशेब ठेवायचे, चित्रपट पाहायचे, त्यांना या शाळेची गरज नाही. प्रोसेसरच्या पोटातच असलेले ग्राफिक्स त्यांना पुरे. एवढे समजले तरी पुष्कळ घरांचे पैसे वाचतील.

खरेदीला आम्ही क्रांती चौकात गेलो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात कोठेही जायचे तर बहुधा क्रांती चौकातूनच जावे लागते. १८५७ साली बंड केलेल्या शिपायांना जेथे देहदंड दिला तो काळा चबुतरा येथलाच, म्हणून हा क्रांती चौक. आणि २०२२ पासून उंच चौथऱ्यावर शिवछत्रपतींचा नवा अश्वारूढ पुतळा येथे उभा आहे. त्याच्या पायथ्याशी वाहने मात्र इंचाइंचाने सरकतात. चौकाजवळच्या एका दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी निघाला. समासाने त्याला कॉलेजात फार छळले होते; तरी त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"सर, ताईसाठी हे घ्या. पन्नास सत्तर आहे," त्याने एक वहीसारखा पातळ, देखणा लॅपटॉप उघडला. "हे दुसरं पन्नास साठ. ते जरा जाड आहे. सत्तर कधीही मोठंच ना सर."

गणितात मोठेच. पण ५०७० हे गणित नव्हे, नाव आहे. आणि नावाचा अर्थ नुसत्या अभिधेने लागत नाही.

ही नावे कशी असतात ते पाहा. टेबलावरच्या संगणकासाठी एनव्हीडिया कंपनी आरटीएक्स ५०७० नावाचे कार्ड विकते. त्यात ६१४४ पोरे, १२ जीबी मेमरी, आणि त्याला वीज लागते २५० वॅटपर्यंत. २०२५ साली लॅपटॉपसाठी आलेल्या चिपचेही नाव आरटीएक्स ५०७० च. तिच्यात ४६०८ पोरे, मेमरी ८ जीबी, आणि कंपनीच्या कोष्टकात वीज फार तर १०० वॅट. नाव तेच, माल निराळा. आपल्या गावच्या माणसाला हे सांगायला फार वेळ लागू नये. किनखाब हे जरीचे वस्त्र बादशहांचे. त्याच्यासारखे दिसणारे सुताचे आणि रेशमाचे वस्त्र आपल्या विणकरांनी काढले ते हिमरू. हिमरू हा शब्दच 'हमरू', म्हणजे 'सारखा दिसणारा', यावरून आला असे सांगतात. हिमरू सुंदरच असते, आणि ते आपण हिमरू म्हणून विकत घेतो. विणकराने त्याला किनखाब म्हटले नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

कंपनीच्या नावाचेही एक कौतुक आहे. १९९३ साली तिघांनी ती काढली, आणि नाव बेतले ते 'इन्विडिया' या लॅटिन शब्दावरून. त्याचा अर्थ असूया. शेजाऱ्याचे ५०७० पाहून आपले ५०६० डोळ्यांत खुपू लागते तेव्हा नाव सार्थ झाले म्हणायचे.

तर मोठ्या आकड्याला विद्यार्थ्याने हात घातला आणि आमच्या कन्येने विचारले, "दादा, याला वॅट किती?"

तो थबकला. गिऱ्हाइके रंग विचारतात, हप्ते विचारतात, बॅग फुकट का ते विचारतात; वॅट विचारत नाहीत. पण लॅपटॉपच्या बाबतीत खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर समजायला पाणचक्कीवर जावे.

पाणचक्की आपण सगळ्यांनी पाहुण्यांना दाखवलेली आहे. काही मैलांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येते, उंचावरून पडते, खालचे पाते फिरते आणि वरचे जाते दळू लागते. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या लोकांसाठी त्यावर धान्य दळले जाई. आता विचार करा : जाते कितीही मोठे असो, वरून पाणी करंगळीएवढे पडले तर पीठ किती निघेल? आणि लहान जात्यावर पाण्याचा लोट सोडला तर? जात्याच्या आकारावरून दळणाचा अंदाज बांधणारा माणूस फसणारच.

चिप हे जाते आणि वॅट हे पाणी. लॅपटॉप बनवणारा कारखानदार त्या चिपला किती वीज द्यायची ते आपल्या यंत्राच्या जाडीवरून ठरवतो. लॅपटॉपच्या ४०६० चिपला एनव्हीडियाने मुभा दिली आहे ती ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत. म्हणजे दोन लॅपटॉपांवर एकच '४०६०' चिकटवलेले असेल आणि एकात दुसऱ्याच्या तिपटीने पाणी पडत असेल. तिप्पट पाण्याने तिप्पट दळण होत नाही, हे खरे. वरच्या टोकाला वीज वाढते तसा वेग वाढत नाही. पण खालच्या टोकाला फरक इतका पडतो की लहान नावाची भरल्या पाण्याची चिप मोठ्या नावाच्या तहानलेल्या चिपला मागे टाकू शकते. पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नावाला 'मॅक्स-क्यू' असे शेपूट असे. २०१७ साली ते आले, २०२१ साली नव्या चिपांच्या नावातून गेले. मग कारखानदारांनी वॅटचा आकडा माहितीपत्रकात द्यावा असे ठरले. तो देतात, पण कोठे देतात हे ज्याने औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली आहेत त्याला सांगायला नको.

विद्यार्थ्याने संगणकावर शोधून काढले. पातळ ५०७० ला ६० वॅट, जाड ५०६० ला १०० वॅट. मेमरी दोहोंची ८ जीबी, सारखीच. पातळाची किंमत अठरा हजारांनी जास्त. "दोन्ही लावून दाखवता का?" कन्येने विचारले. भला मुलगा, त्याने दाखवले. एकच खेळ, एकच दृश्य, वीस-वीस मिनिटे. सुरुवातीला दोघे बरोबरीने धावत होते. पंधराव्या मिनिटाला पातळ यंत्राच्या कळा हाताला चटका देऊ लागल्या आणि त्याचे चित्र किंचित अडखळू लागले. जाड यंत्र पंख्याचा मोठा आवाज करीत होते, पण चालत होते. तापमान नव्वदीच्या जवळ गेले की अशा चिपा आपणहून वेग उतरवतात. हे दुकानात, वातानुकूलित हवेत. आपल्याकडे मे महिन्यात नुसत्या खोलीत पारा चाळिशीला जातो. तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाने लॅपटॉप घेताना जाडीला नाक मुरडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरीविषयी दोन शब्द. चिपची स्वतःची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. भांडी ओट्यावर मावली तर स्वयंपाक भराभर होतो. मावली नाहीत की दर वेळी कोठीच्या खोलीत धावावे लागते, आणि तेथे पडदा अडखळतो. लॅपटॉपच्या ३०५० च्या मूळच्या चिपला ४ जीबी होती, ४०५० ला ६, ४०६० ला ८. दुकानात ४०५० चे एक यंत्र बरेच स्वस्तात मिळत होते आणि माझा जीव तिकडे ओढत होता. मास्तरांचा जीव स्वस्ताकडे ओढतोच. कन्या म्हणाली, "बाबा, खेळणाऱ्याला ते चालेल. पडद्यावरचे बारकावे थोडे कमी केले की झालं. मला बारकावे करायचे आहेत." चार वर्षे चालले पाहिजे ही आजीची अटही होतीच, आणि ओटा नंतर वाढवता येत नाही. ८ च्या खाली जायचे नाही असे ठरले. बारा जीबीचा ओटा ५०७० टीआय या लॅपटॉपातल्या चिपला आहे, पण तिचे भाव आमच्या गल्लीतले नव्हेत.

"सर, पण नवीन सीरिजमध्ये एआय आहे," विद्यार्थ्याने शेवटचे अस्त्र काढले. "फ्रेम चौपट होतात."

यातही शब्दांचीच गंमत आहे. ही चिप दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रे अंदाजाने रंगवते. खरे काढलेले एक, कल्पिलेली तीन. आपल्या साहित्यशास्त्रात याला उत्प्रेक्षा म्हणतात : जणू काही हे चित्र येथे असेलच. पाहणाऱ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, हा फायदा खोटा नाही. पण मुळात खरी चित्रे पुरेशी वेगाने निघत असतील तरच ती शोभते. २०२५ च्या जानेवारीत लास वेगासला कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की ५४९ डॉलरचे नवे ५०७० जुन्या महागड्या ४०९० च्या तोडीचे आहे. ती तोड या कल्पिलेल्या चित्रांच्या जोरावर होती, आणि तेथे उत्प्रेक्षेची अतिशयोक्ती झाली. शिवाय ब्लेंडरमध्ये समईचे चित्र तयार करताना मधले कल्पून भागत नाही. तेथे सगळ्या पाट्यांवरची सगळी बेरीज खरोखरच करावी लागते.

निवड झाली ती जाड ५०६० ची. आजीच्या ठेवीत ते बसले, वर पावणेसातशे उरले. एक गोष्ट मात्र घरी नीट सांगून ठेवावी लागली : हे यंत्र बॅटरीवर आपले सगळे बळ दाखवीत नाही. पुरे काम हवे तर भिंतीतली वीज हवी. त्याचा अडॅप्टर दोन्ही हातांनी उचलावासा वाटतो. 'लॅपटॉप' म्हणजे मांडीवरचा, हे नावही त्याला तितकेसे लागू नाही. मांडीवर घेतले तर मांडी भाजेल. टेबल हवे, खालून हवा खेळायला जागा हवी. वसतिगृहाच्या गादीवर ठेवून काम करायचे नाही, हे कन्येला मी तीनदा सांगितले आणि तिने चारदा ऐकले असल्याचे सांगितले.

आईने घरी आल्यावर अडॅप्टर हातात धरून वजन पाहिले. "जाते आहे खरं," म्हणाली. मग हळदकुंकू वाहिले आणि उरलेले पैसे मागून घेतले. पोस्टात नवी ठेव उघडायची आहे. धाकट्या नातवाने परवा विचारले, ड्रोन केवढ्याला मिळतो.

बिलावर चिपचे नुसते नाव न लिहिता वॅट आणि मेमरीही लिहून द्या, अशी आमची विनंती होती. हमीच्या काळात काही कटकट झालीच तर नेमके काय घेतले ते कागदावर असावे. विद्यार्थ्याने ते स्वतःच्या हाताने लिहिले : '१०० वॅट, ८ जीबी, विद्यार्थीनी साठी.' 'विद्यार्थिनी'तला ऱ्हस्व दीर्घ झाला होता आणि 'साठी' तोडून लिहिले होते. आकडे बरोबर होते. मी बिल घडी करून खिशात ठेवले.